घरचे वाय-फाय आणि देशावकाशिक व्रत

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कुटुंब मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मात्र प्रारंभीच नम्रपणे सांगतो की मी शास्त्राचा पंडित नाही आणि संगणकाचा जाणकार तर मुळीच नाही. बी. कॉम. झालो त्या वर्षापासून आजतागायत माझे आयुष्य कापडाचे तागे उलगडण्यात, मीटर मोजण्यात आणि उधारीच्या वसुलीत गेले. तरीही मी याच विषयावर बोलावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला, कारण आमच्या घरी वाय-फायच्या वेळापत्रकावरून जे महाभारत घडले ते कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. कोणी घातले हे मला ठाऊक आहे. त्या महिला मंडळाच्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्याच हातचे मला रोज जेवायचे असल्याने नाव घेत नाही.

आपण व्यापारी माणसे. कोणतीही वस्तू महाग असते तोपर्यंत ती जपून वापरतो. इंटरनेटचेही तसेच होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, दर कोसळले आणि जे मापून घ्यायचे ते पाण्यासारखे वाहू लागले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. ज्या हातातून आपण मोबाइल काढून घेत होतो, त्याच हातात आपणच तो दिला, कारण शाळाच त्यात होती. वीस-वीस महिने मुलांनी वर्ग, गृहपाठ, मित्र आणि खेळ हे सारे त्या एका काचेत पाहिले. शाळा उघडल्यावर दप्तर शाळेत गेले, पण काच घरीच राहिली. यात दोष एकट्या मुलांचा कसा म्हणावा?

आमचे आठ माणसांचे एकत्र कुटुंब. दोन वर्षांपूर्वी मोठ्या नातवाचे, म्हणजे तेव्हा आठवीत असलेल्या मुलाचे, डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले. नवकारशीच्या वेळी तो माझ्याशेजारी बसून डुलक्या घेई. मी ठरविले की रात्री दहा ते सकाळी सहा घरातील नेट बंद. राउटरमध्ये तशी सोय असते. कोणत्या उपकरणाला किती वाजता दार बंद आणि किती वाजता उघडे, हे एकदा लिहून ठेवले की तो निमूटपणे पाळतो. दुकानातील जुन्या मुनीमजींसारखा. पण मुनीमजींसारखेच त्यालाही नीट सांगावे लागते, हे मला नंतर कळले.

मी स्वतःच बसून वेळ भरली आणि निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नेट नाही. सूनबाईंची दहाची ऑफिसची मीटिंग बुडाली, मला सुरतच्या आडत्याने पाठविलेल्या नव्या मालाच्या डिझाइन्स दिसेनात. बरोबर साडेअकरा वाजता नेट आपोआप सुरू झाले. तीन दिवस हाच प्रकार. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या नातीने पाहिले आणि ती हसतच सुटली. राउटरचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे! माझे रात्रीचे दहा म्हणजे त्याच्या लेखी आपले पहाटेचे साडेतीन, आणि सकाळचे सहा म्हणजे साडेअकरा. थोडक्यात, ज्याला झोपवायचे त्याला मी पहाटे साडेतीनपर्यंत मोकळीक दिली होती आणि कामाची माणसे खोळंबवली होती. म्हणून माझी पहिली विनंती: वेळापत्रक भरण्याआधी राउटरचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे का हे पाहावे. पावसाळ्यात वीज गेली की काही राउटर इंटरनेट परत येईपर्यंत वेळ विसरून बसतात, तेव्हाही एकदा नजर टाकावी.

यानंतर नातीने मला घरातील उपकरणांची यादी काढून दाखविली. दिवाळीपूर्वी आपण दुकानात शिलकी मालाची मोजदाद करतो, अगदी तशीच. मला वाटले होते, आठ माणसांची फार तर दहा उपकरणे असतील. निघाली एकोणीस! दोन टीव्ही, चार कॅमेरे, प्रिंटर, मुलाच्या खोलीतील एसी, बोलणारा स्पीकर, कपाटात पडलेला एक जुना टॅब. ज्याचा ग्राहक कोण हे कोणालाच आठवत नाही असा माल प्रत्येक दुकानात निघतो. त्याप्रमाणे एक उपकरण असे निघाले की त्याला नावच नव्हते. आणि ते रोज रात्री दोनच्या सुमारास भरपूर नेट ओढत होते.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला संकोच वाटतो, पण संस्थेच्या व्यासपीठावर खोटे बोलवत नाही. मी त्याच संध्याकाळी जेवणाच्या वेळी सर्वांसमोर नातवाला फैलावर घेतले. "रात्री दोनला तू कोणता मोबाइल लपवून वापरतोस, ते सांग," असे विचारले. तो म्हणाला, "दादाजी, तो माझा नाही." मी म्हणालो, "वहीत नोंद आहे, वही खोटे बोलत नाही." तो ताटावरून उठला. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सूनबाई हळूच म्हणाल्या, "पप्पाजी, एकदा तुमचा मोबाइल द्याल का?" त्यांनी पडताळून पाहिले आणि मोबाइल माझ्या हातात परत देत एवढेच म्हणाल्या, "ते तुमचेच आहे."

प्रकार असा होता. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून एक क्रमांक मिळतो, आपल्या जीएसटी क्रमांकासारखा. राउटर माणसाला ओळखत नाही, त्या क्रमांकाला ओळखतो. पण २०१९-२० पासूनचे नवे मोबाइल, म्हणजे अँड्रॉइड १० आणि आयफोनचे आयओएस १४ आल्यापासूनचे, हा मूळ क्रमांक झाकून दुसराच क्रमांक पुढे करतात. हेतू चांगला आहे, बाजारात किंवा विमानतळावर कोणी आपला माग काढू नये. परंतु घरच्या वहीत मात्र त्यामुळे आपलाच माणूस परका दिसतो. सहा महिन्यांपूर्वी घेतलेला माझा नवा मोबाइल असा परका होऊन बसला होता. आणि रात्री दोनला मी घोरत असताना माझे व्हॉट्सअॅप दिवसभराचे सुप्रभात, फुले, दिवे आणि व्याख्यानांचे व्हिडिओ यांची प्रत काढून साठवून ठेवीत होते. ते काम ते बहुधा त्याच वेळी करते. त्याच यादीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली. रात्री दहा ते बारा घरात सर्वाधिक नेट वापरणारा मनुष्य आठवीतला मुलगा नव्हता. तो मी होतो.

वही खरोखरच खोटे बोलली नव्हती. नामे कोणाच्या टाकायचे, तेथे मी चुकलो होतो.

संवत्सरीला आपण सर्व जीवांना खमावतो. कबूतरालाही खमावतो, पण चौदा वर्षांच्या मुलापुढे हात जोडायला माझे हात जड झाले होते. तरी त्या रात्री त्याच्या खोलीत जाऊन मी त्याची क्षमा मागितली. तो गप्प बसला. मग खाली पाहून म्हणाला, "दादाजी, वाय-फाय मी वापरत नव्हतो. मम्मी झोपली की तिच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मी खेळत होतो." म्हणजे त्याचेही डोळे उगाच सुजत नव्हते. दोन दिवसांच्या दरडावणीने जे निघाले नाही ते एका खमतखामण्याने निघाले. त्याला मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार त्या क्षणी माझ्याजवळ उरला नव्हता.

येथून पुढे मी वेगळ्या वाटेने विचार करू लागलो. आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत, श्वेतांबर परंपरेच्या क्रमाने, दहावे व्रत देशावकाशिक. दिशापरिमाण व्रतात आयुष्यभरासाठी जी मर्यादा घेतली, ती एका दिवसापुरती किंवा काही घटिकांपुरती आणखी संकुचित करायची: आज या घराबाहेर नाही, आज या गल्लीबाहेर नाही. लहानपणी मला वाटे, यात काय मोठे? दार लावून बसले की झाले. पण या व्रताचे पाच अतिचार वाचले आणि मी थक्क झालो. आनयनप्रयोग म्हणजे मर्यादेबाहेरची वस्तू कोणाकडून तरी आत आणविणे. प्रेष्यप्रयोग म्हणजे स्वतः न जाता दुसऱ्याला बाहेर धाडणे. शब्दानुपात म्हणजे आवाजाने बाहेरच्याशी संधान बांधणे. रूपानुपात म्हणजे आपले रूप दाखवून खूण करणे. पुद्गलक्षेप म्हणजे खडा वगैरे टाकून बाहेरच्याचे लक्ष वेधणे.

श्रोतेहो, आपण हे पाच शब्द पुन्हा एकदा मनात घोळवा आणि खिशातील मोबाइल आठवा. घरबसल्या मागविलेले पार्सल, दुसऱ्याला धाडण्याचा निरोप, बोलणे, व्हिडिओ कॉल, आणि त्या लहानशा आवाजाने पडणारा संदेशाचा खडा. शरीर घरात बसले तरी मनुष्य आवाजाने आणि रूपाने बाहेर जातो, हे आपल्या आचार्यांनी कितीतरी शतकांपूर्वी ओळखून ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइल नव्हता, माणूस होता. राउटरमधील वेळापत्रक म्हणजे भिंतीवर टांगलेले देशावकाशिक व्रत आहे, असे मला तेव्हा वाटले. फरक एकच, आणि तोच सगळ्यात मोठा: व्रत आपण स्वतः घेतो, आणि वेळापत्रक आपण दुसऱ्यावर लादतो. पच्चक्खाण घेताना गुरुमहाराज उच्चारतात, पण 'पच्चक्खामि' घेणाऱ्याने स्वतःच्या मुखाने म्हणावे लागते. माझ्या नातवाने ते कधी म्हटलेच नव्हते. आणि मीही म्हटले नव्हते.

याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ मध्ये तेथे ठरले की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साऱ्या गावाने टीव्ही व मोबाइल बंद करायचे. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की सुरू करायचे. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा वृत्तपत्रांना सांगितले होते की टाळेबंदीनंतर शिक्षकांच्या तक्रारी वाढल्या, त्यातून ही कल्पना पुढे आली. आधी गावसभेत महिलांनी ते मान्य केले, मग आशा व अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, त्यात शंका नाही. परंतु माझ्या मनाला वडगावचा भोंगा अधिक पटला, कारण तो आजोबांनाही ऐकू जातो. आपल्या समाजापुरते सांगायचे तर त्याच २०२२ च्या पर्युषणात मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंज येथे जैन बांधवांनी चोवीस तासांचा 'डिजिटल उपवास' केल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. परदेशात ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी समाजमाध्यमांची खातीच कायद्याने बंद केली. असो. सरकारचे सरकारने पाहावे. घरचे घड्याळ आपल्यालाच लावायचे आहे.

आमच्या घरी मग एका रविवारी आठही जण बसलो. मोठा मुलगा कुरकुरला, धाकटी नात पाच वर्षांची, तिला काही कळले नाही, पण बसली. ठरले ते असे. रात्री आठ ते आठ अठ्ठेचाळीस, म्हणजे एका सामायिकाइतका वेळ, घरातील सर्व मोबाइल, टीव्ही आणि टॅब बंद. चौविहारासाठी सूर्यास्ताचा हिशेब ठेवावा लागतो आणि आपल्या नाशिकला तो हिवाळ्यात सहाच्या आत तर आषाढात सातच्या पुढे जातो. राउटरला सूर्य कळत नाही, म्हणून वर्षभर चालेल अशी आठची वेळ घेतली. रात्री दहा ते सकाळी सहा पुन्हा बंद. या यादीत सर्वात वर माझा मोबाइल. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत सामायिक केलेच पाहिजे असे बंधन नाही. नातू बहुधा माझ्याशी बुद्धिबळ खेळतो आणि बहुधा जिंकतो.

कॅमेरे, सूनबाईंचा ऑफिसचा लॅपटॉप आणि दुकानाच्या कॅमेऱ्याला जोडलेला पडदा यांना हे वेळापत्रक लागू नाही. ही चूक अनेक जण करतात. सगळेच बंद करतात आणि रात्री चोर आला तर कॅमेरा झोपलेला! त्यासाठी आधी प्रत्येक उपकरणाला यादीत नाव द्यावे, 'बैठकीतला टीव्ही', 'दादाजींचा मोबाइल' असे, आणि घरच्या मोबाइलांमध्ये क्रमांक झाकण्याची सोय केवळ घरच्या नेटवर्कपुरती बंद करावी. बाहेरच्या नेटवर्कसाठी ती चालू राहू द्यावी. पाहुण्यांसाठी वेगळे नाव व वेगळा पासवर्ड असलेले पाहुण्यांचे नेटवर्क बहुतेक राउटरमध्ये निघते, ते वापरावे. राउटरच्या तळाशी छापलेला मूळ पासवर्ड बदलावा, कारण तो मुलांनी केव्हाच वाचलेला असतो. आमचा नवा पासवर्ड नातीजवळ आहे. मला तो माहीत नाही. तिजोरीची चावी दुसऱ्याजवळ ठेवलेली बरी.

आता आगारांविषयी. कोणतेही पच्चक्खाण आगारांशिवाय नसते. नवकारशीला दोन आगार, पोरिसीला सहा. अनाभोग म्हणजे विस्मरणाने घडलेले, सहसाकार म्हणजे अकस्मात घडलेले, महत्तराकार म्हणजे मोठ्या कारणासाठी वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने, सर्वसमाधिप्रत्ययाकार म्हणजे आजारपणात चित्ताची समाधी टिकावी यासाठी. व्रत मोडू नये म्हणून सूट आधीच सांगून ठेवायची, ही आपल्या परंपरेची शहाणी रीत आहे. आम्हीही आगार लिहून ठेवले. परीक्षेच्या आदल्या रात्री नेट चालू. घरात कोणी आजारी असेल तर चालू. माझी मुलगी अमेरिकेत असते, आपले रात्रीचे दहा म्हणजे तिची दुपार, म्हणून शनिवारी अकरापर्यंत चालू. सूट घेतली की दारामागच्या वहीत तारीख लिहायची. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या, त्यांतील सात मोठ्यांच्या. क्रिकेटचा सामना हा आगार आहे की नाही यावर अजून एकमत झालेले नाही.

हे सारे केले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. वाय-फाय बंद झाले की मोबाइल मुकाट्याने सिमच्या नेटवर जातो. म्हणजे पुढचे दार लावले आणि मागचे उघडेच. लहान मुलांच्या मोबाइलमध्ये गूगलचे फॅमिली लिंक किंवा आयफोनमधील स्क्रीन टाइम वापरून हे दार काही अंशी लावता येते, आणि दहावीच्या आतील मुलाच्या हातात स्वतंत्र सिम हवेच का, याचाही विचार व्हावा. अगदी तान्ह्यांबाबत तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा अधिक नको. येथे बसलेल्या आज्या मनात म्हणत असतील, मग बाळ जेवायचे कसे? तुम्ही तुमच्या मुलांना चिऊ-काऊ दाखवून जेवविले होते ना? सून दमते हे मान्य. तेव्हा मोबाइल सुनेच्या हातातून काढून घेण्यापेक्षा बाळ आपण घ्यावे.

आणि नातू? तो आता दहावीत आहे. त्याने नियम मोडला नाही असे नाही. गेल्या दिवाळीत दोनदा हॉटस्पॉट लावला आणि दोन्ही वेळा सकाळी स्वतःच वहीत लिहिले. मी एकदा दुकानाच्या खोलीत बसून आठच्या वेळात सिमवर बाजारभाव पाहिले आणि लिहायचे विसरलो. ते त्याने माझ्या नावाने लिहिले. पुढे कंसात 'अनाभोग' असा शेरा.

येत्या रविवारपासून चार रविवार प्रवचनानंतर युवक मंडळाची मुले खालच्या सभागृहात टेबल मांडून बसणार आहेत. ज्यांना घरच्या राउटरचे घड्याळ, यादी आणि वेळा लावून घ्यायच्या असतील त्यांनी राउटरचे मॉडेल कागदावर लिहून आणावे. पासवर्ड कोणालाही सांगू नये, ती मुलेही विचारणार नाहीत. शक्य असेल तर नातवंडांना बरोबर आणावे, आणि आधी घरातील उपकरणे मोजून यावे. आमच्याकडे एकोणीस निघाली होती, हे लक्षात असू द्या.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.